चिठ्ठीबाईंची मोकळी जागा

कागदाच्या कारखान्यात कुणालाही विचारा, चिठ्ठीबाईंबद्दल एक चांगला शब्द निघायचा नाही. त्यांना येताना बघून गेटवरचा वॉचमन रजिस्टरात डोकं खुपसायचा, लगद्याच्या टाकीवरची माणसं एकमेकांना कोपरखळ्या मारायची, आणि ऑफिसातला टायपिस्ट तर त्यांचं नुसतं नाव निघालं तरी पाणी प्यायला उठायचा. बाईंनाही ही माणसं फारशी आवडत नव्हती, तेव्हा त्या बाबतीत फिट्टंफाट होती.

बाईंचं काम चौकशीचं. कारखान्यात काही मोडलं, जळलं, चोरीला गेलं किंवा कुणाला लागलं, की काय झालं ते शोधायचं आणि अहवाल लिहायचा. त्यांच्या आधी हे काम ज्या कारकुनाकडे होतं तो फार गोड माणूस होता म्हणतात. सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये जायचा, ‘साहेब, कुणाचं नाव घालू?’ म्हणून विचारायचा आणि दुपारच्या चहाआधी अहवाल हातावेगळा करायचा. सगळ्यांचा लाडका होता. ज्यांची नावं घातली तेवढे सोडून.

बाई मूळच्या शाळेतल्या. अकरा वर्षं त्यांनी व्याकरण शिकवलं. ज्याच्याविषयी बोलायचं ते उद्देश्य आणि त्याच्याविषयी जे बोलायचं ते विधेय, हे तर सगळेच शिकवतात. बाई त्यावर न थांबता पुढे भांडायच्या. “उद्देश्य पुढे बसतं म्हणून त्याला मोठं समजू नका,” त्या वर्गाला सांगायच्या. “नुसतं ‘गवंडी’ म्हटलं तर कुणाचं काही बिघडत नाही. ‘गवंडी पळाला’ म्हणा, मग बघा त्याच्या बायकोला झोप लागते का. माणसं आधी नाव धरतात आणि मग त्याला चिकटवायला विधेय शोधत हिंडतात. तुम्ही उलटं करा. आधी काय झालं ते नीट लिहा, नाव मागाहून.”

हे पोरांना सांगून थांबल्या असत्या तर पेन्शन घेऊन निवृत्त झाल्या असत्या. पण एकदा कुणीतरी फळ्यावर घाणेरडा शब्द लिहिला, हेडमास्तरांनी नेहमीप्रमाणे मागच्या बाकावरच्या मेकॅनिकच्या मुलाचा कान धरला, आणि बाईंनी त्या शब्दाखाली खडूने लिहिलं: ‘_____ने हे लिहिलं.’ मग चाळीसच्या चाळीस मुलांना एकेक करून पुढे बोलावलं आणि मोकळ्या जागेत स्वतःचं नाव घालून वाक्य मोठ्याने वाचायला लावलं. खरं की खोटं, ते सांगायचं. एकतिसाव्या मुलाला वाचता वाचता रडू फुटलं. तो हेडमास्तरांचा पुतण्या. पुतण्या शाळेतच राहिला, सत्र संपायच्या आत बाई बाहेर पडल्या.

कारखान्यात त्या कारकून म्हणून लागल्या. तिथे रद्दीचे डोंगर यायचे आणि टाकीत जायचे. एका डोंगरातून त्यांनी तर्कशास्त्राचं एक पुस्तक ओढून काढलं. पुठ्ठा नाही, सुरुवातीची पानं नाहीत. त्यात त्यांची फळ्यावरचीच युक्ती निघाली! वाक्यातून नाव उपटून काढायचं, जागा मोकळी ठेवायची, आणि त्या जागेत जगातलं कोण कोण बसतं ते बघायचं. कधी एक जागा मोकळी: ‘_____ उंच आहे.’ कधी दोन: ‘_____ हा _____चा भाऊ आहे.’ बाईंनी त्यात आपलं मत जोडलं, की एका जागेच्या विधेयात माणसाचं कौतुक असतं नाहीतर निंदा, आणि खऱ्या भानगडी सगळ्या दोन जागांच्या असतात. कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगितलेलं असतं.

पुढे चौकशीचं काम त्यांच्याकडे आलं तेव्हा पद्धत ठरूनच गेली होती. स्टोअरच्या मागच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, आणि टेबलावर चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक विधेय आणि मोकळी जागा. झाडूवाल्यापासून फोरमनपर्यंत त्या दिवशी कामावर असलेल्या प्रत्येकाने समोर बसायचं, स्वतःचं नाव घालून चिठ्ठी मोठ्याने वाचायची, आणि ‘लागू’ किंवा ‘लागू नाही’ लिहून सही करायची. डोळ्यांना दिसलं नसेल असं काहीही चिठ्ठीत यायचं नाही. आळशी, उर्मट, बेजबाबदार असले शब्द बाई दारातूनच परत पाठवायच्या. दुसऱ्यावर ढकलणं सोपं असतं. स्वतःच्या नावाने खोटं वाक्य वाचताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. म्हणूनच लोक त्यांचा एवढा राग करायचे.

त्या मंगळवारी दुसऱ्या पाळीला कटरने कटरवाल्याच्या उजव्या हाताची दोन बोटं घेतली. कटरवाला एकोणीस वर्षं त्याच मशीनवर होता. पात्यापुढे लोखंडी जाळी असते. कागद अडकला की मशीन बंद करून, जाळी उघडून तो काढायचा. त्या दिवशी जाळी जागेवर नव्हतीच. मोठी ऑर्डर होती, घाई होती, आणि आठ दिवसांपासून अडकलेला कागद चालत्या मशीनमधून हातानेच ओढत होते.

बुधवारी सकाळी मॅनेजरने बाईंना बोलावलं आणि एक कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं: ‘कटरवाला निष्काळजी होता.’

“घ्या. तुमचं विधेय मीच तयार करून ठेवलंय. खाली सही करा आणि मोकळ्या व्हा.”

सही झाली असती तर काय झालं असतं हे बाईंना नीट माहीत होतं. निष्काळजी ठरलेल्या माणसाला कारखाना कामावर ठेवत नाही, त्याचा दवाखाना बघत नाही, आणि महिन्याच्या आत कारखान्याची खोली खाली करायला लावतो.

“हे कुणी पाहिलं, साहेब?” बाईंनी विचारलं.

“काय कुणी पाहिलं?”

“निष्काळजीपणा. किती वाजता आला? कुठल्या दारातून आला?”

“बाई, शब्दांचा कीस पाडू नका.”

“जाळी कुणीतरी काढली, हे विधेय झालं. निष्काळजी होता, ही शिवी झाली. शिवीची चौकशी होत नाही.”

मॅनेजरच्या कपाळावर शीर उठली. पण नियमाप्रमाणे चौकशी बाईंचीच होती, त्यामुळे त्याला दात ओठ खात गप्प बसावं लागलं. बाईंनी तीन चिठ्ठ्या केल्या. पहिली: ‘_____ने कटरची जाळी काढली.’ दुसरी: ‘_____ने _____ला जाळी काढायला सांगितलं.’ तिसरी: ‘जाळी काढल्यानंतर _____ कटरजवळून गेला किंवा गेली.’ तिसरीवर त्या स्वतःवरच खूश होत्या. ‘माहीत होतं’ असं लिहिलं असतं तर प्रत्येकाने खांदे उडवले असते. कटरजवळून गेलास की नाही, याला खांदे उडवता येत नाहीत.

फिटरने पहिली चिठ्ठी वाचली आणि क्षणभरही न थांबता लिहिलं, लागू. “काढली. सांगितलं म्हणून काढली. मला काय हौस होती?” दुसरी चिठ्ठी हातात घेतल्यावर मात्र त्याने आधी दाराकडे पाहिलं, मग बाईंकडे. दुसऱ्या मोकळ्या जागेत त्याने स्वतःचं नाव घातलं. पहिल्या जागेत लिहिलं, सुपरवायझर.

दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. आईवडील गेल्यावर त्याला बाईंनीच वाढवला, त्यांनीच कारखान्यात चिकटवला, आणि तो आजही बायकोसकट बाईंच्याच घरात राहत होता. बाईंनी चिठ्ठी सरळ केली, फिटरची सही पडताळून पाहिली आणि म्हणाल्या, “पुढचा पाठवा.”

तिसऱ्या चिठ्ठीने मात्र त्यांचं डोकं फिरवलं. जो येई तो ‘लागू’ लिही. कॅन्टीनची वाट कटरला घासून जात होती, दुसरी वाट नव्हतीच. शुक्रवार संध्याकाळपर्यंत सत्तावीस सह्या झाल्या, त्यात वॉचमनची आणि टायपिस्टची सुद्धा. बाई स्वतः टेबलावरच डबा खायच्या, कॅन्टीनकडे फिरकायच्या नाहीत, त्यामुळे त्यांचा आवाज चढतच गेला.

“रोज जात होतास? मग डोळे काय खिशात ठेवून जात होतास?” त्यांनी टायपिस्टला झापलं. “सत्तावीस जण! एकाला तोंड उघडून ‘जाळी कुठाय’ एवढं विचारता आलं नाही? त्या माणसाची बोटं कटरने घेतली म्हणता? तुम्ही सत्तावीस जणांनी घेतली.”

टायपिस्ट पाणी प्यायला उठला तो परत आलाच नाही.

घरी भाऊ वाटच बघत बसला होता. भावजयीने ताटं वाढली नव्हती. आज आधी भांडण होणार हे तिने ओळखलं होतं.

“फिटरने माझं नाव लिहिलं?”

“लिहिलं.”

“आणि तू ते ठेवणार?”

“तू सांगितलंस की नाही जाळी काढायला? तेवढं बोल.”

“मला वरून आलं होतं! ‘ऑर्डर गेलीच पाहिजे, कसं ते तू बघ,’ असं मॅनेजर म्हणाला. दुसरा काय अर्थ होतो याचा?”

“‘जाळी काढ’ असं म्हणाला?”

“तसं नाही.” मॅनेजर तेवढा दूधखुळा नव्हता.

“मग त्या जागेत तूच बसतोस,” बाई म्हणाल्या.

“वन्सं, दगडाचं काळीज आहे हो तुमचं!” भावजय फणकारली. “मॅनेजरने लिहून दिलंय तेच सही करा की. तो कटरवाला कोण लागतो तुमचा? हा सख्खा भाऊ आहे!”

“कटरवाला माझा कुणीच लागत नाही. मला तो माणूस आवडतही नाही. उद्धट आहे.”

भाऊ उठून उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता, पण नजर विचित्र थंड होती. “ताई, तू या चौकशीतून अंग काढून घे. नंतर म्हणशील, आधी सांगितलं नाही.” त्याच्या बोलण्याचा अर्थ बाईंना लागला नाही. धमकी देतोय एवढंच कळलं, आणि धमकी दिली की त्या आणखी ताठ व्हायच्या.

शनिवारी सकाळी चिठ्ठ्या घेऊन बाई दवाखान्यात गेल्या. कटरवाला खाटेवर बसून डाव्या हाताने चहा पीत होता, आणि बराचसा चादरीवर सांडत होता. उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये होता. बाईंना बघून त्याने कप आदळला.

“आलात? सांडलेल्या चहाची चौकशी करायला?”

“पहिली वाचा.”

त्याने पहिली वाचली: लागू नाही. दुसरी: लागू नाही. तिसरीवर तो थांबला, सत्तावीस नावं सावकाश वरून खाली वाचली आणि पुन्हा खालून वर.

“तुमचं नाव कुठाय?”

“मी कॅन्टीनला जात नाही.”

“कॅन्टीनला कोण म्हणतंय? सोमवारी भावाला डबा द्यायला आला होतात की. तो घरी विसरला होता. माझ्याच मशीनशी उभा होता तो.” कटरवाल्याचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. “जाळी भिंतीला टेकवून ठेवलेली. तुम्ही तिला छत्री अडकवलीत. मी जवळ आलो तर म्हणालात, ‘बाजूला व्हा, वाट अडवू नका.’ डबा दिलात, छत्री काढलीत, गेलात.”

बाईंना ते आठवलं. आठवायला वेळच लागला नाही, हेच वाईट. छत्रीच्या दांड्याला लोखंडाचा गंज लागला होता आणि घरी येऊन त्यांनी तो ओल्या फडक्याने पुसला होता. अकरा वर्षं शाळेत आणि चौदा वर्षं इथे त्यांनी जगभरातल्या माणसांना त्या मोकळ्या जागेत बसवून पाहिलं होतं. स्वतःचं नाव घालून पाहायचं त्यांना एकदाही सुचलं नव्हतं. पेन्सिल ज्याच्या हातात, तो चिठ्ठीच्या बाहेर, असंच त्या धरून चालल्या होत्या. सत्तावीस जणांना सुनावलेलं एकेक वाक्य त्यांना आता स्वतःच्या आवाजात ऐकू येत होतं.

त्यांनी चिठ्ठी ओढून घेतली, मोठ्याने वाचली, आणि अठ्ठाविसावी सही केली: लागू.

“आता काय?” कटरवाल्याने विचारलं.

“नियमाच्या पुस्तिकेत आहे. चौकशीत ज्याचं नाव येतं त्याने ती चौकशी करायची नाही. म्हणजे मी बाद.”

“मग कोण करणार?”

“मॅनेजर.”

“म्हणजे मी मेलो.”

“हो,” बाई म्हणाल्या.

“मग सही कशाला केलीत?”

“खरं होतं म्हणून. तुम्ही बोललात कशाला?”

“मला संताप आला म्हणून!” कटरवाला ओरडला. नर्स धावत आली आणि तिने दोघांनाही दम भरला. बाई खुर्चीवरून उठल्या नाहीत. चिठ्ठी हातात धरून त्या ती नावं पुन्हा वाचत राहिल्या, आणि वाचता वाचता त्यांनी पर्समधून नियमांची पुस्तिका काढली. पंधरा मिनिटांनी त्या निघून गेल्या. कटरवाल्याने त्यांच्या पाठीमागे जे काय म्हटलं ते इथे लिहिण्याजोगं नाही.

केबिनमध्ये मॅनेजर खुशीत होता. भाऊ बाजूला उभा होता, मान खाली घालून. आत पाऊल टाकताच बाईंना सगळं समजलं.

“बाई, तुमचे बंधू सांगतायत की सोमवारी जाळी तुम्हीही पाहिलीत. फार वाईट वाटलं मला.” मॅनेजरला काडीचंही वाईट वाटलेलं नव्हतं. “तेव्हा चौकशी आता मी पुरी करतो. द्या त्या चिठ्ठ्या.”

बाईंनी भावाकडे पाहिलं. याला घास भरवला होता. “खोटं नाही बोललास,” त्या त्याला म्हणाल्या. “पण माझ्या तोंडावर बोलायला हवं होतंस.” मग खुर्ची ओढून त्या मॅनेजरसमोर बसल्या आणि तिसरी चिठ्ठी टेबलावर ठेवली. “सही केलीय मी. आता तुम्ही वाचा.”

“मी कशाला वाचू? मी शिफ्टवर नसतो.”

“चिठ्ठीत शिफ्ट नाही. कटरजवळून गेला किंवा गेली, एवढंच आहे. तुम्ही जेवायला कुठे जाता?”

“कॅन्टीनला.”

“कुठल्या वाटेने?”

मॅनेजरने समोरची फाईल मिटली. कॅन्टीनचं दुसरं दार सहा महिन्यांपूर्वी त्यानेच बंद करवलं होतं. तिथे रद्दीच्या गठ्ठ्यांची थप्पी होती आणि हुकुमाच्या कागदावर त्याची सही होती.

“का आठ दिवस उपाशी होतात?” बाईंनी विचारलं.

“मी सही करणार नाही.”

“नका करू. मग तुम्हाला तिथून जाताना कुणी पाहिलं ते बाकीच्या सत्तावीस जणांना विचारते. माझ्यावर राग आहेच त्यांचा, पण तुमच्यावर प्रेम आहे असंही मी ऐकलं नाही.” त्यांनी पुस्तिका उघडून त्याच्यापुढे धरली. “या कारखान्यात त्या जागेत न बसणारा एकही माणूस उरलेला नाही, साहेब. मी नाही, तुम्ही नाही, वॉचमनही नाही. म्हणजे ही चौकशी करायला इथे कुणीच लायक नाही. असं झालं तर बाहेरचा निरीक्षक बोलवायचा, हे पुढच्याच कलमात आहे. मी बोलावलाय. दवाखान्यातून येताना चिठ्ठ्यांच्या नकला आणि चौकशीच्या फायलीतली दार बंद करायच्या हुकुमाची नक्कल त्याच्या कचेरीत देऊन आले.”

मॅनेजरने टेबलावरची चिठ्ठी फाडली, चांगले बारीक तुकडे केले, आणि मग नकला या शब्दाचा अर्थ लक्षात येऊन तो ते तुकडे गोळा करू लागला.

निरीक्षक सोमवारी आला आणि गुरुवारी गेला. त्याच्या अहवालात निष्काळजी हा शब्द नव्हता. कटरवाल्याची नोकरी राहिली, त्याला स्टोअरमध्ये बसायचं काम मिळालं, खोलीही राहिली. कटरला जाळी लागली. भावाचं सुपरवायझरपद गेलं. त्याने नोकरी आणि बाईंचं घर एकाच दिवशी सोडलं. जाताना भावजयीने बाईंना नमस्कार केला नाही, आणि भावाने चप्पल घालताना एकदाही वर पाहिलं नाही. मॅनेजरला ताकीद मिळाली. ताकीद म्हणजे एक पत्र, आणि पत्र म्हणजे फायलीतला एक कागद. महिन्याभरात बाईंनाही एक कागद मिळाला. त्यावर लिहिलं होतं की त्यांचं वर्तन असमाधानकारक आहे. हे कुणी पाहिलं, असं त्यांनी विचारलं नाही. थकल्या होत्या.

शेवटच्या दिवशी आपलं सामान घ्यायला त्या स्टोअरच्या मागच्या खोलीत गेल्या. दारातच कटरवाला बसला होता, डाव्या हाताने नोंदी करत. अक्षर अजून लहान मुलासारखं पडत होतं. बाईंनी पिशवी भरली आणि निघाल्या, तेव्हा त्याने पेन खाली ठेवलं.

“लोक म्हणतात, माझी नोकरी तुमच्यामुळे राहिली. म्हणतात, बाईंचे आभार मान.”

“नका मानू.”

“नाहीच मानणार.” त्याने उजवा हात टेबलावर ठेवला, तीन बोटांचा. लपवला नाही, दाखवायला पुढेही केला नाही, नुसता ठेवला. “बोटं मंगळवारी गेली. तुम्ही सोमवारी आला होतात.”

बाईंना भांडायला त्यात एका शब्दाचीही जागा नव्हती, इतकं ते वाक्य पुरं होतं.

“हो,” त्या म्हणाल्या.

कटरवाल्याने पेन उचललं आणि पुढची नोंद करायला घेतली.